पाणी कमी झालं की भरा

२ एप्रिल, मंगळवार

आज घराचा चार्ज घेतला.

तसं घर माझंच आहे, पण आजवर ते बायकोने चालवलं आणि मी इस्पितळाचं भांडार चालवलं. कापसाच्या बोळ्यापासून ऑक्सिजनच्या नळकांड्यापर्यंत एकही वस्तू माझ्या सहीशिवाय जागची हलली नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात मोठे डॉक्टर म्हणाले, "वस्तूंवर यांच्याइतकं प्रेम कुणी केलं नसेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बायको बसली होती, ती नुसतीच हसली.

आज ती तिच्या ताईकडे गेली. ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं मागे काहीतरी बोलत होती, त्यासाठीच असणार. एका गुडघ्यासाठी तीन बॅगा मात्र जरा जास्त वाटल्या. दारात थांबून म्हणाली, "तुमचं भांडार आता तुम्हीच सांभाळा." म्हणजे रीतसर चार्ज दिला. मी विचारलं, काही सूचना? तर म्हणाली, "टाकीतलं पाणी कमी झालं की भरा. बाकी कशाला हात लावू नका."

टाकी म्हणजे बैठकीतली तिची माशांची काचेची टाकी, समुद्राच्या पाण्याची. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. नोकरी संपली, खोड गेली नाही. टाकीत एक केशरी मासा आहे, चार गोगलगायी आहेत आणि एक समुद्रफूल आहे. म्हणायचं फूल, पण तो प्राणी आहे. एका पायाने दगडाला चिकटून बसतो आणि बोटांसारखे पुष्कळ तंतू पाण्यात हलवत राहतो. केशरी मासा दिवसभर त्यात लोळतो. ह्यापलीकडे दोघंही काही करत नाहीत. बायकोचा जीव आहे त्यांच्यात.

५ एप्रिल, शुक्रवार

अंघोळीचा साबण संपला. आमच्याकडे नियम आहे, जुन्या साबणाची चकती दाखवल्याशिवाय कपाटातून नवी वडी मिळत नाही. लग्न झाल्यापासूनचा नियम आहे आणि त्यामुळे घरात साबणाची नासाडी कधी झाली नाही. आज चकती कुणाला दाखवावी असा प्रश्न पडला. शेवटी मीच मला दाखवली आणि कुलूप उघडलं.

टाकीतलं पाणी बोटभर उतरलं आहे. बैठकीत पंखा असतो, त्याने उडून जातं. भांडारात माझा एकच दंडक होता: जे गेलं तेच, तेवढंच, त्याच जागी. पाच नंबरची सुई गेली तर पाच नंबरचीच आली पाहिजे, सहाची चालणार नाही. टाकीतून समुद्राचं पाणी गेलं तर समुद्राचंच पाणी यायला हवं. तिच्या फडताळात टाकीच्या मिठाचं पोतं सापडलं. त्यावर छापलेल्या मापाने मीठ विरघळवून खारं पाणी केलं आणि बरोबर पूर्वीच्या खुणेपर्यंत भरलं.

पोतं जवळजवळ भरलेलं आहे, ह्याचं नवल वाटलं. ती टाकीत रोज काहीतरी ओतायची. मग मीठ वापरलं कसं जात नव्हतं? स्वयंपाकघरातल्या फिल्टरचा तांब्या घेऊन ती बैठकीत जाताना मी पाहिलं आहे, पण मला वाटायचं कुंडीला पाणी घालते. म्हणजे इतकी वर्षं टाकीत चक्क गोडं पाणी! मुक्या प्राण्याला कोण विचारतो. आता निदान त्याला हक्काचं मीठ मिळेल.

८ एप्रिल, सोमवार

साडू येऊन गेले. बायकोचं शिवणयंत्र आणि तिचे लोकरीचे कपडे न्यायला आले होते. ताईकडे शिवणयंत्र आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. एका घरात दोन यंत्रं म्हणजे जादा साठा. शिवाय एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला? पण मागणी आली की वस्तू द्यायची, कारण विचारायचं नाही, हे मी आयुष्यभर पाळलं आहे. फक्त साडूंची सही घेतली. त्यांनी सही केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तिला एक फोन करा की," म्हणाले.

"गेली ती आहे. फोन तिने करायचा."

"बघा बुवा," म्हणत त्यांनी यंत्र उचललं. जिन्यावर धाप लागली त्यांना, पण मी हात लावला नाही. सही झाल्यावर वस्तू नेणाऱ्याची जबाबदारी असते.

दुपारी मुलीचाही फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. तिचाही तोच घोशा, "बाबा, आईशी बोललात का?" मी सांगितलं की इकडे सर्व सुरळीत आहे. ती म्हणाली, "सुरळीत आहे हाच तर प्रॉब्लेम आहे, बाबा." हल्लीच्या मुलांचं बोलणं कळत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

समुद्रफुलाचं काहीतरी बिनसलं आहे. तंतू आखडून इवलेसे झालेत आणि मधलं तोंड उघडं पडलं आहे. बघवत नाही. केशरी मासा आपल्या वाट्याचं खाणं आणून त्याच्या तोंडात कोंबतो, ते पुन्हा बाहेर येतं, तो पुन्हा कोंबतो.

पाण्यातलं मीठ मोजायची एक काट्याची डबी टाकीशेजारी असते. आज बुडवून पाहिली. काटा हिरव्या पट्ट्यात राहायला हवा, तो पार वर गेला. पाणी मी स्वतः मापाने बनवतो, तेव्हा चूक पाण्यात असणं शक्य नाही. उपकरण निकामी ठरवलं आणि खणात टाकलं.

१४ एप्रिल, रविवार

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एका दमात विचारलं की दिवा कोणता, पंप कोणता, खाणं कोणतं, आणि उत्तर ऐकायच्या आत मान हलवली. त्याचं निदान असं की फुलाला उजेड कमी पडतो. मोठा दिवा दिला, वर एक टॉनिकची बाटली दिली. "सर, हे टाकलं की फूल नाचायला लागेल बघा." मी विचारलं, नाही नाचलं तर? तो म्हणाला, "मग मोठी बाटली आहे ना."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे मुख्याध्यापक आले. तेही निवृत्त, शिवाय एकटे. बायको होती तेव्हा कधी यायचे नाहीत, आता रोज येतात. टाकीसमोर खुर्ची ओढून त्यांनी फुलाचं बराच वेळ निरीक्षण केलं आणि ह्याच्यात शिस्त नाही असा निष्कर्ष काढला. "लाडावलंय. ह्याला ठरल्या वेळी खाणं, ठरल्या वेळी उजेड आणि जरा दरारा पाहिजे." मग त्यांनी टाकीच्या काचेवर टिचकी मारून दरारा बसवला. फूल आणखी आखडलं. "बघा, ऐकतंय," म्हणाले.

१८ एप्रिल, गुरुवार

बायकोचा फोन आला. पहिला प्रश्न, "फूल कसं आहे?" माझी तब्येत, जेवण, काही नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आवाज ताब्यात ठेवला.

"ठीक आहे."

"तंतू लांब आहेत ना?"

"आहेत."

"मासा आतच झोपतो?"

"झोपतो."

"बरं," म्हणाली आणि ठेवून दिला. तिने फोन केला, मी उत्तरं दिली. हिशेब बरोबर झाला. तरी दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

नव्या दिव्याच्या उष्णतेने पाणी जास्तच उडतं, त्यामुळे भरही जास्त घालावी लागते. टाकीच्या कडेला एक पांढरी पूड जमायला लागली आहे. बोटाने चाटून पाहिली, मीठ निघालं. म्हणजे टाकीतलं मीठ बाहेर पडतं आहे. त्यामुळेच बिचाऱ्याला ते कमी पडत असणार. आजपासून भरीच्या पाण्यात एक चमचा मीठ वाढवलं.

२३ एप्रिल, मंगळवार

सकाळी बघतो तर फुलाने दगड सोडलेला. तळाशी पालथं पडलं आहे, पाण्याच्या धारेबरोबर इकडून तिकडे लोळतं. पाय वर, तोंड खाली. केशरी मासा कोपऱ्यात काचेला लागून नुसता उभा. त्याला जायला जागाच उरलेली नाही.

टॉनिकची मोठी बाटलीही संपली. दुकानदाराला फोन केला तर त्याने काखा वर केल्या. "गॅरंटी नसते हो सर, जिवंत माल आहे." मुख्याध्यापक येऊन बघून गेले. आज त्यांनी टिचकी मारली नाही. "आमच्या हिच्या शेवटच्या दिवसांत मी असाच बसायचो," एवढंच बोलले आणि चहाही न घेता वर गेले.

मी टाकीपुढे बसून राहिलो. घरात फक्त पंपाचा आवाज होता. इतके दिवस घर शांत आहे म्हणून मला बरं वाटत होतं, आज त्याच शांततेची भीती वाटली. हे फूल मेलं तर ती परत येणार नाही, असं एकाएकी मनात आलं. का आलं ते कळत नाही. फुलाचा आणि ताईच्या गुडघ्याचा संबंध काय? पण एकदा आलं ते काही केल्या जाईना.

भांडारात असं कधी होत नसे. वस्तू खराब झाली तर शेरा मारून बदलून घेता येत असे. हे फूल कुठून बदलून आणू? आणलं तरी तिला एका नजरेत कळेल.

२४ एप्रिल, बुधवार

शेवटी नमतं घेतलं आणि फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. तिचा "हॅलो" ऐकल्यावर कागदावरचं काही आठवेना, आणि चष्मा दुसऱ्या खोलीत राहिलेला.

म्हणालो, "फूल मरतंय. मला कळत नाहीये."

ती शिक्षिकेच्या आवाजात एकेक विचारायला लागली. खाणं किती, दिवा कोणता, टॉनिक कुणी सांगितलं. मी सगळं सांगत गेलो. शेवटी म्हणाली, "पाणी कसलं भरता?"

"समुद्राचंच. पोत्यातलं मीठ घालून."

"रोज?"

"रोज. जेवढं उडतं तेवढं."

"अहो," ती म्हणाली, "उडतं ते पाणी. मीठ उडतं का?"

शाळेत हे मलाही शिकवलं असणार. मी वर्गात नक्की हजर होतो.

"मीठ मागेच राहतं," ती म्हणाली. "त्याच्यावर तुम्ही रोज आणखी मीठ घालताय. कुणीही आखडेल."

ती रागावली असती तर मी चार शब्द परत दिले असते, मला ते जमतं. ती रागावली नाही, त्यामुळे माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मग तिने उपाय सांगितला. आता एकदम गोडं पाणी ओतायचं नाही, फूल तेवढं सोसणार नाही. रोज तांब्याभर खारं काढायचं, तांब्याभर फिल्टरचं घालायचं आणि काट्याची डबी बुडवून बघायची. "घाई करू नका. आणि काटा कुठे आहे ते मला रोज फोन करून सांगा."

डबी खणातून काढली, पुसली. निकामी हा शेरा मागे घेतला.

२८ एप्रिल, रविवार

काटा किंचित खाली येतो आहे. टॉनिक बंद, नवा दिवा बंद, टिचकीवर बंदी. मुख्याध्यापक म्हणाले, "मग आपण करायचं काय?" मी म्हणालो, तांब्याभर पाणी. त्यांना हे उपचार फार मिळमिळीत वाटले.

फोनवर मी काटा सांगतो, ती हं म्हणते. आज तिने आपणहून विषय काढला. "त्याला जरा बरं होऊ द्या. आत्ता हलवण्याच्या अवस्थेत नाहीये ते. दगड धरला, नीट फुललं, की मी येते."

की मी येते. हे मी दोनदा वदवून घेतलं. हलवण्याचं ती का बोलली ते समजलं नाही, जागच्या जागी ते उत्तम आहे. पण जीव भांड्यात पडला. साडूंनी म्हणे काचेची नवी टाकी विकत घेतली आहे. आमचं पाहून त्यांनाही हौस आली असेल.

१ मे, बुधवार

फुलाने पाय टेकला! फक्त जागा अशी निवडली की कपाळाला हात लावला. पंप ज्या भोकातून पाणी ओढून घेतो त्याच्या अगदी तोंडाशी, एका चपट्या दगडावर. तंतू आत ओढले गेले तर चिंधड्या होतील. हाताने सोडवायला गेलो तर ते आणखी घट्ट झालं. घाबरून फोन केला.

"ओढू नका," ती म्हणाली. "पाय फाटला तर संपलंच. बर्फ आहे ना घरात? तो चपटा दगड उचला आणि त्याच्या मागच्या बाजूने बर्फाचा खडा फिरवत राहा. गारठा लागला की ते आपणहून पाय सोडतं."

तसं केलं. खरोखर सोडलं. मग तिने सांगितलं त्या मधल्या मोठ्या दगडावर अलगद ठेवलं, आणि तिथे ते बसलं. इतकी साधी गोष्ट दुकानदाराला माहीत नव्हती की त्याला बर्फ विकता येत नाही म्हणून त्याने सांगितली नाही, कुणास ठाऊक.

५ मे, रविवार

आज काटा हलला नव्हता, त्यामुळे फोनवर सांगायला काही नव्हतं. तरी फोन लावला. गप्प बसणं बरं दिसेना म्हणून विचारलं, "जेवलीस का?"

ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

"मीच."

"जेवले," ती म्हणाली. "तुम्ही?"

पुढे आणखी काय विचारावं म्हणून विचारलं की ताईचा गुडघा कसा आहे.

"कुठला गुडघा?"

"ऑपरेशन झालं ना?"

"ते गेल्या वर्षी झालं. मी तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला. ताई आता जिने चढते-उतरते."

"मग तू तिकडे काय करतेस?"

"राहते," ती म्हणाली.

काटा हिरव्या पट्ट्याच्या जरासा वर आहे, एवढं पुन्हा एकदा सांगितलं.

६ मे, सोमवार

काही केलं नाही. टाकीचं पाणी तेवढं भरलं. घरात फिरून बघितलं. शिवणयंत्राची जागा, स्वेटरांचा कप्पा, तिची पुस्तकं, उशी. उशी कधी गेली ते मला आठवत नाही. त्यावर कुणाची सही नाही.

१० मे, शुक्रवार

रोज बोलतो. काटा सांगून झाला की ती काहीतरी सांगते. शेजारच्या मुलांना शिकवायला घेतलं आहे, शिवणही चालतं. मी सांगितलं की मुख्याध्यापकांनी काल फुलाला पाढे म्हणून दाखवले. ती हसली. निरोपाच्या भाषणाला हसली होती तसं नाही, वेगळं.

आज तिला म्हणालो, "मला कळायला वेळ लागतो."

"किती?" तिने विचारलं.

ह्याला काय उत्तर द्यायचं? खरं सांगायचं तर रात्रंदिवस माझ्या समोर ठेवलेली गोष्टही मला तिच्यावर चिठ्ठी लावल्याशिवाय दिसत नाही. पण हे फोनवर कसं बोलणार. म्हणालो, "काटा आज पट्ट्यात आला." ती म्हणाली, "हो का?" आवाज खूश वाटला.

१४ मे, मंगळवार

फूल फुललं. सकाळी पडदा सरकवला आणि बघतच राहिलो. तंतू चांगले वीतभर, टोकाला जांभळट झाक, तोंड घट्ट मिटलेलं. केशरी मासा सकाळी आत शिरला तो बाहेर यायचं नाव नाही. मुख्याध्यापकांना खाली बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि श्रेय पाढ्यांना दिलं. देऊ दे.

तिला सांगायच्या आधी एक विचार मनात चाटून गेला. अजून बरं नाही असं सांगितलं तर रोजचा फोन चालू राहील. पण बरं झालं म्हटलं तर ती स्वतः येईल. फोनपेक्षा येणं केव्हाही वरचढ. सांगून टाकलं.

"रविवारी येते," ती म्हणाली.

१८ मे, शनिवार

घर झाडून काढलं. कपाटाचं कुलूप काढलं आणि किल्ली त्यातच ठेवली. मोरीत साबणाची नवीकोरी वडी ठेवली. चकती अजून बरीच शिल्लक होती. ती फेकताना हात अडखळला, हे लिहून ठेवतो.

१९ मे, रविवार

ती आली. हातात झाकणाची बादली होती.

साडू खाली गाडीत थांबले होते. मी बादलीकडे बघितलं आणि नवी काचेची टाकी, हलवण्याच्या अवस्थेत नाही, बरं झालं की येते, हे सगळं एकामागून एक जागेवर बसलं. इतके दिवस तांब्या-तांब्याने मी तिचं सामान बांधत होतो. शेवटची वस्तू तेवढी राहिली होती.

मी म्हणालो, "ये." दुसरं काय म्हणणार. तिचंच आहे.

तिने मोरीत हात धुतले. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हाताला नव्या साबणाचा वास होता आणि ती माझ्याकडे पाहत होती. मग टाकीपाशी बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. फुलाने तिची बोटं धरली. माझी कधी धरली नव्हती.

"छान झालंय," ती म्हणाली. "खरंच छान केलंत."

मग ती त्याचा पाय दगडावरून सोडवायला लागली. नखाने कडेकडेने हळूच. फूल आणखी घट्ट बसलं. तिने पुन्हा केलं, ते पुन्हा बसलं. तो दगड मोठा आहे, बादलीत मावत नाही.

"सोडत नाही हो," ती म्हणाली.

फ्रीजरमध्ये बर्फाचे दोन ट्रे भरलेले होते. मला माहीत होतं. एक शब्द बोललो असतो तर तासाभरात फूल बादलीत गेलं असतं.

"उकडतंय," म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ मीही. तिने फ्रीजर उघडला. ट्रे काढला, ओट्यावर आपटला, बर्फाचे खडे पाण्याच्या पेल्यात घातले, एक तोंडात टाकला. आता आठवणार, आता आठवणार. पेला खुळखुळवत ती परत टाकीपाशी आली. हातात बर्फ, पुढ्यात फूल. पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"ओढू नकोस," मी म्हणालो. "पाय फाटतो."

"हं. ओढायला नकोच."

"चहा घेशील?"

"तुम्ही करणार?"

मी केला. साखर किती ते मला माहीत नव्हतं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, अर्धा चमचा. इतकी वर्षं ती माझ्याच घरात अर्धा चमचा साखर घेत होती. चहा पाणचट झाला होता, तरी तिने पूर्ण प्यायला. खालून साडूंचा हॉर्न दोनदा वाजला. ती खिडकीतून "आले" म्हणाली आणि परत येऊन बसली. टाकीच्या गोगलगायी, मुलीची नोकरी, मुख्याध्यापकांचे पाढे असं काहीबाही बोललो. तिसऱ्या हॉर्नला उठली.

"पुढच्या रविवारी बघू," दारात म्हणाली. "तोवर त्याचं त्याने सोडलं तर सोडलं."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर त्याच्या पुढच्या रविवारी."

ती गेल्यावर लक्षात आलं की बादली इथेच राहिली आहे, दारामागे. हल्ली विसरायला लागली आहे ती. बर्फाची युक्ती मला तिनेच शिकवलेली, आणि हातात बर्फ असून तिला आठवली नाही. वय होतंच आहे. मी आठवण करून दिली नाही, ते बरोबर झालं नाही, मान्य आहे.

पुढच्या रविवारी आठवू नये म्हणून बर्फाचे ट्रे कपाटात लपवून ठेवावेत असं एकदा मनात आलं. काढलेही बाहेर. पण तिला थंड पाणी लागतं, हे मला आजच कळलं होतं. फिल्टरचं पाणी घेतलं, ट्रे काठोकाठ भरले आणि परत फ्रीजरमध्ये ठेवले.